स्टार्टरची पेटी

थोरल्या लेकाची, हरिओमची, एक खोड बायनाबाईला मुळीच खपत नव्हती. जागेवरून उठला, की कॉम्प्युटर बंद. चहाला निघाला, बंद. केजला निघाला, बंद. आणि ऑनलाइन केंद्रातल्या एकुलत्या एक प्रिंटरची वायर त्याच्याच कॉम्प्युटरला. मग शेजारच्या टेबलावर धाकटी सून उज्ज्वला भरलेला फॉर्म पडद्यावर घेऊन नुसती बसायची, आणि गिऱ्हाईक उठून स्टँडवरच्या दुकानात जायचं. धाकटा मुलगा वारल्यापासून उज्ज्वलाचं आणि तिच्या दोन लेकरांचं पोट त्या टेबलावर होतं.

आज बायनाबाईनं कुणाला न विचारता केजहून कॉम्प्युटर जोडणाऱ्या अभिमन्यूला बोलावलं.

"तिला प्रिंटर जोडून दिलेलाच हाय की माय," हरिओम म्हणाला. "माझ्या कॉम्प्युटरवरून निघतंय तिचं. बिघडलं काय?"

"तू बंद केल्यावर कावून निघत न्हाई मग?"

हरिओम अभिमन्यूकडं वळला. "तूच सांग बे. हिला काय कळतंय त्यातलं."

अभिमन्यूनं प्रिंटर फिरवून मागची बाजू दाखवली. "मावशी, याला वायर लावायची सवताची जागा हाय. भिंतीवरच्या नेटच्या डब्यातून थेट वायर आणली, की दोघंबी आपापलं काढतील. एक बंद असला तरी दुसऱ्याचं अडत न्हाई."

"म्हंजे आमच्या विहिरीवरल्यासारखं," बायनाबाई म्हणाली.

अभिमन्यूला कळलं नाही. हरिओमला कळलं. विहीर दोन भावांची, पण मोटारीच्या स्टार्टरची पेटी थोरल्या दिराच्या खोलीत. बायनाबाईची पाण्याची पाळी आली, की दीर खोलीला कुलूप लावून गावाला जायचा. एका उन्हाळ्यात भुईमूग करपायला लागला, तेव्हा तिनं वायरमन आणून पेटी विहिरीच्या काठावर, उघड्या खांबावर ठोकून घेतली. ही गोष्ट हरिओम स्वतःच चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

"जोड," ती अभिमन्यूला म्हणाली.

"माय, केंद्र माझ्या नावावर हाय."

"आन् गाळा माझ्या. जोड रे."

वायर टाकून झाली. अभिमन्यूनं उज्ज्वलाच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचा नंबर घातला. बाकड्यावर फॉर्मची वाट बघत बसलेला रामेश्वर पिशवी उचलून निघाला होता. त्याच्या पोरीच्या वसतिगृहाच्या फॉर्मची आज शेवटची तारीख होती.

"बस खाली," बायनाबाई म्हणाली. "हितंच निघंल."

हरिओम उठला. सगळ्यांच्या देखत त्यानं आपला कॉम्प्युटर बंद केला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"काढा आता."

उज्ज्वलानं सासूकडं पाहिलं. सासूनं मान हलवली. तिनं बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला. मग गप्प झाला. हरिओमच्या ओठावर हसू यायला आणि कागद बाहेर सरकायला एकच गाठ पडली. कोमट कागद, त्यावर रामेश्वरच्या पोरीचा फोटो.

बायनाबाईनं तो रामेश्वरच्या हातात दिला. मग पदर खोचून लेकाकडं वळली.

"तुझ्या चुलत्याची खोली अजून तिथंच हाय बघ, हरिओम. कुलूपबी तसंच हाय. पर त्या कुलपाला आता कुणी इचारत न्हाई."