चार अंड्यांचं पिवळं

चार अंड्यांच्या पांढऱ्यातून मोरेश्वर मास्तरांना रोज चौदा ग्रॅम प्रथिनं मिळणार होती. कॅलरी अडुसष्ट. चरबी नाही, कोलेस्टेरॉल नाही. हे आकडे त्यांनी लाल शाईनं लिहून मागच्या दाराला बाहेरून चिकटवले होते, आणि त्या कागदाखाली उभे राहून ते तिसरं अंडं सोलत होते. पांढरं तोंडात गेलं. पिवळा गोळा वाटीत पडला.

"हे काल्याले टाक," ते बायकोला, उषाला म्हणाले. "यात सारी चरबी असते."

काल्या म्हणजे पांढुर्ण्यातल्या त्यांच्या बोळीतलं कुत्रं. मास्तर सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालं तेव्हा, पोळ्यानंतर, त्यांनी हे सुरू केलं. त्यांच्या आईनं, शकुबाईनं, परवानगी दिली ती अटी घालून. अंडं घराचा उंबरा ओलांडणार नाही. ते उकडायचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, जांबाच्या झाडालाच टांगलेला राहील. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीला सुट्टी. अंड्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. 'तुह्यं ते औषध' म्हणायची.

उकडायचं काम उषाचं. तिला स्वतःला त्या सुमारास घेरी यायची. गच्चीला सोळा पायऱ्या होत्या आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती नवव्या पायरीवर बसायची. डॉक्टरनं सांगितलं, चांगलं खात जा. मास्तरांनी तिला पालेभाज्यांचं महत्त्व समजावून सांगितलं. पालेभाजी ती बावीस वर्षं रांधत होती आणि सगळ्यांचं झाल्यावर उरली तर खात होती.

महिन्याभरात काल्या बदलला. अंगावरची खरूज गेली, केस तुळतुळीत झाले. एरवी बोळीच्या तोंडाशी दमणारं ते कुत्रं सावरगावच्या पुलापर्यंत मोटारसायकलींच्या मागे धावायला लागलं. विज्ञानाचे मास्तर घरात होते, पण प्रयोगाकडे लक्ष होतं उषाचं. दसरा झाल्यावर एका मंगळवारी तिनं दाराकडे पाहिलं, एका पिवळ्यावर मीठ भुरभुरलं आणि डोळे मिटून गिळलं. माहेरी कोणी अंड्याला शिवलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन. दिवाळीपर्यंत चारही. काल्या दुसऱ्यांच्या दारांत बसायला लागला.

उषा बाराव्या पायरीपर्यंत न बसता जाऊ लागली. मग सोळाव्या. भीती एकच होती, सासूची. शकुबाईला कळलं असतं तर देवाची फुलं आणि महालक्ष्म्यांचा नैवेद्य दोन्ही उषाच्या हातून गेले असते, आणि का गेले ते सगळ्या गल्लीला कळलं असतं.

फाल्गुनात मास्तरांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. फळ्याशी उभं राहवेना. पुन्हा रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं होतं. बी-ट्वेल्व्ह आणि डी मात्र पार तळाला गेले होते. डॉक्टरनं दहा इंजेक्शनं लिहून दिली आणि सांगितलं, मास्तर, पांढऱ्यात प्रथिनं असतात, बाकीचा बराचसा माल पिवळ्यात. रोज एखादं आख्खं अंडं खात जा. आजवरचं पिवळं कोणी खाल्लं?

"कुत्र्यानं," मास्तर म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून आख्खी अंडी, पिवळ्यासकट. चारही. एक सांगितलं होतं, पण सहा महिन्यांची भरपाई करायची होती. उषाच्या हातातला वरणाचा डाव थबकला. तिला नववी पायरी दिसली.

शकुबाईनं जपमाळ बाजूला ठेवली. "पांढरं औषध म्हणून चालवून घेतलं, मोरेश्वर. पिवळ्यात जीव असते. मी आहे तवर हे पाप तुह्या अंगाले लागू देत नाही."

मास्तरांनी बाजारातल्या अंड्यात जीव नसतो हे शास्त्रोक्त समजावलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मंग पिलू काय पांढऱ्यातून निंगते? मास्तरांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. इंजेक्शनं घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी चार अंड्यांचं पांढरं खाऊन मास्तर सौंसरच्या बसला गेले. उषा वाटी घेऊन धुण्याच्या दगडाशी बसली. मीठ भुरभुरलं. पहिला घास उचलला आणि वाटीवर सावली पडली. शकुबाई उंबरा ओलांडून अंगणात आली होती. उषानं पदर वाटीवर ओढला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ओढला.

शकुबाई गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू दगडावर बसली. बोळीत कोणी आहे का ते पाहिलं. मग तळहात पुढे केला.

"दोन मले दे. दिवाळीपासून पाहून राहिली मी तुले पायऱ्या चढताना."

उषानं दोन दिले. मीठही दिलं. काल्या आशेनं जवळ आला, त्याला टरफलं मिळाली.

संध्याकाळी मास्तर दंड चोळत बोळीतून आले. काल्या वाटेत आडवा पडला होता. मास्तर थांबले, त्याच्या बरगड्या मोजल्यासारख्या पाहिल्या आणि घरात येऊन उषाला म्हणाले, "आई म्हणते तेच खरं. सहा महिने पिवळं खाऊन कुत्रं पाह्य कसं वाळलं."

सुई पहिली होती. नऊ बाकी होत्या.