वाटीतलं दूध

दूध पुन्हा नाकातून बाहेर आलं. भाग्यश्रीने तोंड फिरवलं. सासूने पदराने बाळाचं नाक पुसलं आणि चमचा परत वाटीत बुडवला.

बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूलाही भोक. दूध पोटात कमी जायचं, नाकातून जास्त यायचं, मानेच्या वळ्यांत आंबायचं. त्या वासाने भाग्यश्रीला ढवळून यायचं. वाटीत अंगावरचं दूध पिळून दिलं की ती सुटली, पाजणं सासूकडे. वजन भरलं की ऑपरेशन करू, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण वजन काही भरत नव्हतं. आपल्याच लेकराची आपल्याला किळस येते, हे सांगायचं तरी कुणाला? तिला स्वतःचीही शिसारी आली होती.

दहिवलीतल्या शेजारणी निदान दारातूनच बघून परतायच्या. खालापूरहून आलेली जिजाआत्या मात्र थेट आत येऊन बसली. नवऱ्याची आत्या, म्हणजे बोलायचा हक्कच. तिने दुपटं बाजूला केलं, पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"ग्रहणात काय चिरलंस गं? इळीवर बसली असशील."

भाग्यश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रहणभर ती काळोख्या खोलीत ओंडक्यासारखी पडून होती. पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कूस बदलली नव्हती, डास चावला तरी खाजवलं नव्हतं. एवढं सगळं पाळून हे पदरात पडलं होतं.

"नाय वन्सं, इळीला हातसुदीक नाय लावला तिनं," सासू आत्याकडे वळून म्हणाली. बोलण्याच्या नादात चमचा जरा जास्तच कलला.

बाळाला ठसका लागला. मग ठसकाही थांबला. नाकाघशात दूध अडकलं, चेहरा काळानिळा पडला. सासू नुसतीच त्याची पाठ चोळत राहिली.

भाग्यश्रीने बाळ हिसकावून घेतलं. त्या फाटक्या ओठावर, नाकावर आपलं तोंड घट्ट लावलं आणि जोराने ओढलं. पुन्हा ओढलं. गिळगिळीत, आंबूस असं काहीतरी तिच्या तोंडात आलं. बाळाने टाहो फोडला.

"शी शी शी! थुंक, थुंक आदी!" जिजाआत्या ओरडली.

भाग्यश्रीने तो घोट गिळून टाकला.

"कशाला थुंकू?" ती म्हणाली. "माझंच दूध हाय."