शेंडा आणि खुंटा

"काय दिसतंय?" खुंट्याने खालून विचारलं.

"पांढऱ्या चादरी."

"मग?"

"मग काय मग! चादरी वाळत पडल्यात. आणखी काय सांगू, त्यांची नावं?"

शिडीच्या वरच्या टोकाला उभा राहून शेंडा नासपती तोडत होता, आणि तोडता तोडता भिंतीपलीकडे मालकांच्या परसात डोकावत होता. शिडी खाली खुंट्याने धरली होती. ही नावं बागेतल्या मजुरांनी ठेवलेली. एक कायम झाडाच्या शेंड्यावर, दुसरा बुडाशी रोवल्यासारखा. खुंट्याला उंचावर चक्कर यायची, दोन पायऱ्या चढला की डोळे पांढरे करायचा. म्हणून कुठल्याही बागेत दोघं जोडीनेच कामाला लागत, आणि त्यांचा आपसातला नियम एकच होता. वरचा जमिनीवर आल्याशिवाय खालच्याने हात सोडायचा नाही.

मालकांकडे धुणं करणारी आज काम सोडून चालली होती, दुपारी फळांची खोकी घेऊन जाणाऱ्या ट्रकमधून. "तुला बरोबर न्यायचं की नाही, ते आज ठरवते," तिने सकाळी पाणी भरताना खुंट्याला सांगितलं होतं. "न्यायचं ठरलं तर दोरीवर लाल चादर टाकीन. दिसली तर फाटकावर ये. नाही दिसली तर येऊ नकोस, उगाच चारचौघांत दोघांची शोभा." परसात मजुरांना पाय टाकायची सोय नव्हती. दोरी दिसायची ती फक्त झाडावरून.

तेव्हापासून खुंट्याचं कशात लक्ष नव्हतं. या पायावरून त्या पायावर चाललं होतं. खोकी उचलणाऱ्यांनी त्याला दोनदा चिडवून घेतलं, तेही त्याच्या कानावर गेलं नाही.

शेंड्याचं वेगळंच होऊन बसलं होतं. हंगामभर तो वरून बघून खुंट्याला तिची खबर देत आला होता. आता कपडे पिळतेय. आता केस बांधतेय. आता उन्हाला हात आडवा धरून झाडांकडे बघतेय. खालून दर वेळी "मग?" यायचं आणि शेंड्याला आणखी नीट बघावं लागायचं. बघता बघता ती त्यालाच आवडायला लागली. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि खुंट्याला तर जीव गेला तरी सांगणार नव्हता.

"आता?"

आता ती परसात आली होती. हातात बादली नव्हती. तिने एक पांढरी चादर बाजूला सरकवली, तिथे लाल टाकली, दोन्ही टोकांना चिमटे लावले आणि मान वर करून झाडांकडे पाहिलं.

शेंड्याच्या हातातली नासपती हातातच राहिली. ती जाणार, तिच्यामागोमाग हाही जाणार, एकाच ट्रकमधून. आपण मग शिडी खांद्यावर टाकून एकट्याने कोणाच्या दारात उभं राहायचं?

"अरे बोल की! काय दिसतंय?"

"पांढऱ्याच," शेंडा म्हणाला.

खालून "मग?" आलं नाही.

खुंटा म्हणाला, "बरं झालं. कटकट मिटली. पुढच्या हंगामाला तू म्हणशील त्या बागेत जाऊ."

आवाज अगदी नेहमीचा होता. शेंड्याला हायसं वाटलं. त्याने ती नासपती झोळीत टाकली आणि दुसरीला हात घातला.

तेवढ्यात शिडी थरथरायला लागली. खुंट्याने धरलेली शिडी आजवर कधी हलली नव्हती. शेंड्याने वाकून पाहिलं. खुंटा मान खाली घालून उभा होता. हात शिडीवर घट्ट होते, तोंडातून आवाज नव्हता, पण त्याचं रडू लाकडातून चढत शेंड्याच्या तळपायापर्यंत पोचत होतं.

"शिडी हलतेय रे."

"वारा आहे," खुंटा म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

फाटकाकडे ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. शेंड्याने जाड फांदीवर तंगडी टाकली आणि झाडाला मिठी मारली.

"सोड शिडी."

"डोकं फिरलं का तुझं? आधी खाली ये."

"लाल चादर आहे. केव्हाची आहे. पळ!"

खुंट्याने वर पाहिलं. चक्कर येईल म्हणून तो कधी वर बघायचा नाही.

"केव्हाची म्हणजे?"

"माझ्याशी भांडायचं ते मागाहून भांड. ट्रक निघाला!"

"तू आधी उतर."

"गाढवा, मी उतरेपर्यंत तो पार जाईल. मी फांदीवर बसलोय, शिडीवर नाही. सोड म्हणतो ना!"

खुंट्याने शिडी हलवून पाहिली. हलकी लागली. तरी त्याने ती झाडाच्या बेचक्यात नीट टेकवली, तिचे पाय टाचेने मातीत दाबले, आणि मग जो सुटला तो मागे वळून न बघता.

"डावीकडून जा, तिकडे चिखल आहे!" शेंडा ओरडला. खुंटा चिखलातूनच गेला.

ट्रक फाटकातून बाहेर पडत होता. ती मागे खोक्यांवर बसली होती.

"पोचलास बघ," शेंडा म्हणाला. "तिने हात पुढे केला. धरला. चढलास. एक चप्पल खाली पडली तुझी. हसतेय ती."

ट्रक वळणाआड गेला. शेंड्याने खाली शिडीच्या पायाशी पाहिलं, आणि सवयीने "मग?"ची वाट बघत बसला.