शेवटचा पांढरा कोंब

"आजही नवा कोंब हिरवाच," थियेनफू म्हणाला आणि करंगळीच्या लांब वाढवलेल्या नखानं टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडू लागला.

"नीट बघितलंस का रे माकडा? चष्मा लाव की."

"हिरवं बघायला चष्मा कशाला लागतोय, म्हातारे?"

युएश्यानं नवऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. चष्मा नेहमीसारखा त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होता. पिंगतुंगच्या उन्हानं शेड सकाळीच तापली होती. थियेनफू कंबर धरून पालथ्या बादलीवर बसला. बसताना हल्ली तो असा काही कण्हायचा, की ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघायची.

या वर्षात तो शेडमधल्या ओल्या फरशीवर दोनदा पडला होता. दुसऱ्यांदा ती बाजारातून येईपर्यंत तासभर तसाच पडून होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! ताइचुंगला लेकीनं तळमजल्यावरची खोली रंगवून तयार ठेवली होती. युएश्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशनही तिकडेच व्हायचं होतं, पण याला एकट्याला टाकून ती थोडीच जाणार! लेक दर रविवारी फोन करायची आणि थियेनफूचं उत्तर ठरलेलं असायचं. "भूमीआजोबांना शब्द दिलाय. झाडावर पांढरं आहे तोवर शेड चालू राहणार."

बावीस वर्षांपूर्वीचा शब्द तो. वादळात सगळ्या टाक्या फुटल्या होत्या. माशांच्या टाकीत शोभेला लावतात ती हजारो रोपं वाहून गेली आणि चिखलातून एकच हाती लागलं. त्याच्या पानांवर पांढरे शिंतोडे उठले होते. तसं रोप अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हतं. थियेनफूनं बांधावरच्या देवळात उदबत्ती लावून जमिनीच्या राखणदार देवाला, भूमीआजोबांना, शब्द दिला. त्या एका रोपाच्या फुटव्यांवर लेक शिकली, तिचं लग्न झालं.

पण पांढऱ्याला जपावं लागतं. त्याच्यात दम नसतो. एक हिरवा कोंब राहू दिला की तोच जोर धरतो आणि सगळं रोप हिरवं करून टाकतो. म्हणून हिरवा दिसला की खुडायचा. बावीस वर्षं दोघं रोज तेच करत आली होती. आता एवढी एकच टाकी उरली होती आणि अंगातली ताकदही तेवढीच.

या वसंतात युएश्यानं उलटं सुरू केलं. दुपारी त्याचा डोळा लागला की ती शिवणाच्या कात्रीनं पांढरे कोंब कापायची आणि हिरवे ठेवायची. कापलेले कोंब चहाच्या चोथ्याखाली दडवायची. ही देवाची फसवणूक आहे हे काय तिला कळत नव्हतं? देवळावरून जाताना ती पुटपुटायची, "काय शिक्षा द्यायची ती मला द्या, आजोबा. त्याला सोडा." पण त्याला शब्द मोडायला लावायचा नव्हता आणि त्याला गमवायचंही नव्हतं. मग दुसरं करणार तरी काय?

टाकी हिरवी होत गेली. थियेनफूनं दिवे बदलले, खत बदललं. त्याचं बोलणं कमी झालं. समोरची माशाची पेज निवून जायची तरी त्याला भान नसायचं. एका दुपारी टाकीसमोर मान खाली घालून बसलेला तो तिला दिसला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं पोरासारखं वाढवलेलं त्याचं झाड, आणि आपण त्याच्यावर कात्री चालवतोय! त्याच दिवशी तिनं कात्री शिवणाच्या डब्यात टाकली आणि ती पुन्हा हिरवे कोंब खुडायला लागली.

काही उपयोग झाला नाही. एखादं पांढरं टोक वर यायचं आणि दोन दिवसांत नाहीसं व्हायचं.

"गोगलगायी," थियेनफू म्हणाला. "कोवळं तेवढं नेमकं खातात मेल्या."

"मी सकाळी लवकर येऊन वेचते ना."

"तू नको. गुडघे बघ तुझे, ऑपरेशन किती लांबलंय. मी बघतो."

मग तिची खात्रीच पटली. आपण केलेल्या पापाची आजोबांनी दखल घेतली होती. आता झाड काही वाचत नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तो शेडमधून बाहेर आला आणि दारातच टेकला.

"संपलं गं. एकही पांढरा नाही. थकलो बघ मी. चल, आजोबांना सांगून येऊ."

बांधावरच्या देवळात त्यानं उदबत्ती लावली आणि कौल लावायचे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे हातात घेतले. एक उताणा, एक पालथा पडला की आजोबांचा होकार. दोन्ही उताणे पडले की आजोबा हसतायत, पुन्हा विचारायचं.

"आजोबा, पांढरं होतं तोवर शब्द पाळला. आता आम्हाला मोकळं करा."

तुकडे खाली पडले. दोन्ही उताणे.

त्यानं पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही उताणे.

"हसतायत," थियेनफू हळूच म्हणाला. "कशाला हसत असतील गं?"

युएश्याला वाटलं, आजोबा आपल्यालाच हसतायत. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"माकडा, ऐक, मला तुला एक सांगायचंय. मी..."

"थांब गं जरा. नीट पडलेत का ते बघू दे आधी." तो वाकला आणि घाईघाईनं त्यानं खिशातून चष्मा ओढला.

चष्म्याबरोबर तीन कोंब देवासमोरच्या फरशीवर पडले. पांढरेशुभ्र, अजून ओले, आणि तिन्ही बुडाशी करंगळीच्या नखानं खुडलेले.