तीन चाकं आणि एक डोकं

“मान खाली घ्या,” बायको म्हणाली आणि सलूनवाल्याने निमूट मान खाली घातली. गावभराची डोकी वाकवणाऱ्या या माणसाला वाकवणारी ती एकटीच. आपले केस आपल्याला कापता येत नाहीत म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तिला कात्री धरायला शिकवलं होतं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी हा कार्यक्रम व्हायचा. तिच्या हाताखालून गेलेलं डोकं हे एवढं एकच.

बाहेर त्याची मोटारवाली तीनचाकी उभी होती. गुडघ्याने दगा दिल्यापासून दोन चाकांवर तोल राहत नव्हता, म्हणून ही गाडी. मागच्या पेटीत टॉवेल, कात्र्या, आरसा. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन तो केस कापायचा. आज पहिलं गिऱ्हाईक दहा वाजता होतं.

टेबलावर हेल्मेट होतं. घेऊन तीन महिने झाले तरी नवंकोरं.

“आज घालून जाणार ना?”

“अगं, पडायला दोन चाकं लागतात. तीन चाकांवरून कुणी पडतं का?”

“शिर सलामत तर पगडी पचास.”

“ते पगडीवाल्याला सांग. माझा धंदा केसांचा आहे. हे घातलं की केस गाईने चाटल्यासारखे बसतात. सहा-सहा महिने पडून असलेला माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघतो, मग म्हणतो, माझेही असेच करा. तेवढा वेळ त्याला वाटतं, आपल्यालाही तयार होऊन कुठेतरी जायचंय.”

हे खरं होतं, हीच पंचाईत होती. तो खोटं बोलला असता तर तिला कडकडून भांडता आलं असतं. शिवाय ते पांढरेशुभ्र, दाट, मागे वळवलेले केस तिलाही आवडायचे. नवऱ्याला तोंडावर तसं सांगून डोक्यावर चढवून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

उजव्या कानामागे कंगवा अडला. तिने केस बाजूला केले. दोन बोटं लांबीची जखम होती, वर खपली धरलेली.

“हे काय?”

चहातली जादा साखर, चोरून ओढलेली सिगारेट, काय काय त्याने आजवर तिच्या नकळत पचवलं होतं. जखमेवरूनही केस झकास विंचरून घेतले होते. फक्त सोमवारी ते केस कोण उघडणार आहे, हे गडी साफ विसरला होता.

“कधी झालं?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी गिऱ्हाईक गप्पा मारत बसलं, म्हणून उशीर झाला ना?”

“तेही बसलं होतं.”

“पडलात तुम्ही.”

“पडलो नाही गं. वळणावर एक चाक उचललं गेलं आणि गाडी कलंडली. मी आपला तिच्यासोबत गेलो.”

एरवी ती हसली असती. तिने कात्री खाली ठेवली. केस कापायचं मशीन उचललं, त्यावरची केस राखणारी कंगव्यासारखी टोपी काढली आणि बटण दाबलं. आवाज ओळखून तो मान वर करतो तोवर मशीन कपाळापासून मानेपर्यंत सरळ फिरलं होतं. पांढऱ्या केसांचा गुच्छ त्याच्या मांडीवर पडला. खिडकीत टेकवलेल्या आरशात डोक्याच्या मधोमध दोन-अडीच बोटं रुंद पट्टा दिसत होता, गुळगुळीत.

“अगं ए!”

पुढची शिवी त्याच्या ओठांवरच राहिली. तिचा दुसरा हात त्याच्या डोक्यावर होता आणि तो थरथरत होता. कापणाऱ्याचा हात हलत असेल तर बसणाऱ्याने हलायचं नसतं. तो हलला नाही.

“मला भीती वाटते हो,” ती म्हणाली. “तुम्ही निघालात की मी गाडीचा आवाज ऐकत उभी राहते. त्या वळणापर्यंत येतो. पुढचा येत नाही.”

तिने मशीन बंद केलं, पुसलं आणि त्याच्या कामाच्या पिशवीत ठेवून दिलं. अंगावरचं कापड काढून झटकलं.

“आणि बाकीचे?” त्याने विचारलं.

“बाकीचे परत आल्यावर.”

घड्याळात पावणेदहा झाले होते. त्याने मुकाट्याने हेल्मेट चढवलं. पट्ट्याची कडी त्याला सापडेना. तिनेच ती हनुवटीखाली लावली आणि जास्त आवळली तर नाही ना, म्हणून आत एक बोट घालून बघितलं.

पहिलं गिऱ्हाईक पलंगावर पडल्या पडल्या इतकं हसलं की त्याला ठसका लागला. “केस कापायला आलात की विहिरीत उतरायला?” म्हणालं. सलूनवाल्याने हेल्मेट काढलं नाही. दुसऱ्याकडे नाही, तिसऱ्याकडेही नाही. केस राखून कापायचे तर दुसऱ्याचा हात लागतो, सगळेच उतरवायचे तर आपला आपल्याला पुरतो. मशीन पिशवीत होतं, आरसा पेटीत होता, काम दोन मिनिटांचं होतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि मशीन पिशवीत ठेवणारीलाही.

सहाच्या सुमाराला तीनचाकी दारात थांबली. तो आत आला, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीपाशी खुर्चीत बसला. दोन्ही बाजूंचे केस घामाने चिकटले होते. मधला पट्टा सकाळी होता तेवढाच होता.

“घे,” मान खाली घालत तो म्हणाला, “आलो.”