पाइप कावून थरथरतोय

नळ आला आणि मनकर्णाच्या घरचा पाइप पुन्हा थरथरायला लागला. आधी गुणगुणला, मग थंडी वाजून ताप भरल्यासारखा हुडहुडला, आणि तोटीतून पाण्याऐवजी नुसती फसफस हवा आली. पाणी सोसायटीनं आठ दिवसांनी पाणी सोडलेलं, तेही दीड तास. तिच्या आईनं, जानकीबाईनं, हंडा तोटीखाली धरून ठेवला होता. त्याचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"पाइप म्हातारा झालाय तुमचा," शेजारची छबुबाई दारातून म्हणाली.

"म्हातारा न्हाई काकू. कायतरी बिघडलंय. आज शोधतेच मी."

नववीत गेल्यापासून मनकर्णा घरात कुणाला 'असंच असतं' म्हणू देत नव्हती. तिनं तोटी खोलून आतला वायसर पाहिला. चांगला होता. मग घरात येणारा कॉकच बंद केला. आता घरात पाणीही येत नव्हतं न् हवाही, तरी पाइप घूं घूं करतच होता.

"बघ माय, दुखणं आपल्या घरचं न्हाईच. कुणीतरी लाइनीला मोटर लावलीय. पाणी सगळं तिकडं अन् हवा आपल्याला."

"हळू बोल," जानकीबाई म्हणाली. लाइनीला मोटर सापडली तर पावसाळ्यापर्यंत त्या घरचा नळ तोडायचा, असा सोसायटीचा ठराव होता. चेअरमन भगवानरावांनी पहिला नळ स्वतःच्या मेव्हण्याचा तोडला होता.

पण छबुबाईनं ऐकायचं ते ऐकलं होतं. ती भगवानरावांना बोलवायला निघालीसुद्धा.

मनकर्णा स्टीलचा ग्लास घेऊन गल्लीत उतरली. लोखंडातून आवाज पळत येतो, हे शाळेत शिकल्यापासून तिला ते कुठंतरी लावून बघायचंच होतं. लोखंडी लाइन भिंतींच्या कडेनं उघडीच पडली होती. चार पावलं टाकायची, ग्लास पाइपाला लावायचा, कान ग्लासाला. बायका रिकाम्या घागरी सोडून बघत राहिल्या. "आली गं डॉक्टरीण," कुणीतरी म्हणालं. तिनं तेही ऐटीत घेतलं. गल्लीच्या मध्यावर, बद्रीनाथ नावाच्या शेजाऱ्याच्या दारापाशी घरघर वाढली. चढ लागला तशी आणखी वाढली. चढ संपला तिथं, शेवटच्या घराशी, ग्लास हातात कडकड वाजायला लागला.

ते घर सुंदरबाईचं. दोन नातवंडं तिच्यापाशी ठेवून लेक-सून ऊसतोडीला गेले होते.

मनकर्णानं दार ढकललं. मोरीत पोत्यावर एक टोपलं पालथं घातलेलं होतं आणि त्याखाली काहीतरी गुरगुरत होतं. सुंदरबाई शेजारी बसून टोपल्यावर डावा हात ठेवून होती, रडक्या लेकराला थोपटावं तसा. उजवा हात प्लास्टरात होता.

"आज्जे," मनकर्णा म्हणाली.

"दिवाळीपासून थेंब चढला न्हाई बघ इथं. सोसायटीत दोनदा गेलते. म्हणले, चढ हाय. चढ मलाबी दिसतो की." सुंदरबाईनं बटण बंद केलं. टोपलं गप्प झालं. "टँकरच्या गर्दीत पडले न् हात मोडला. तवा लेक येऊन हे लावून गेला. तू सांग जा बाई सोसायटीला. तू कावून खोटं बोलायचं?"

मोरीत दोन घागरी होत्या. एक भरलेली, एक अर्धी.

मनकर्णा खाली आली तेव्हा जानकीबाईनं कॉक उघडला होता आणि घरची तोटी धो धो चालू होती. भगवानराव हातात पाना घेऊन दारात उभे होते. त्यांच्यामागं छबुबाई, आणि छबुबाईमागं निम्मी गल्ली.

"काय डॉक्टरीणबाई, कुठं हाय मोटर?"

सगळे तिच्याकडं बघत होते. आपण काय शोधलं, कसं शोधलं, हे तिच्या अगदी जिभेवर होतं. ती ग्लासाचा काठ पदराला पुसावा तसा ओढणीला पुसत राहिली.

"मोटर न्हाई, तात्या. आमच्याच पाइपाचा भिंतीवरचा क्लॅम्प ढिला होता. त्यानं थरथरत होता."

"आगं, येवढी गल्ली हुंगत फिरली न् निघाला काय, तर क्लॅम्प," छबुबाई म्हणाली. बायका हसल्या. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भगवानराव आत आले. त्यांनी क्लॅम्प हलवून पाहिला. हलला नाही. स्क्रूवर मागच्या दसऱ्याचा चुना तसाच होता, कुठं टवकासुद्धा उडाला नव्हता.

"कवा आवळला हा?"

"आत्ताच," जानकीबाई हंड्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमी यायच्या आधी."

भगवानराव बोटावरचा चुना चोळत दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चढाकडं पाहिलं. सुंदरबाईच्या दारातून एक ओली रेघ धुळीतून खाली उतरत होती. ती रेघ जिरेपर्यंत ते तिकडं बघत होते. मग त्यांनी पाना पिशवीत टाकला आणि बायकांना म्हणाले, "नळाला पाणी हाय तवर भरून घ्या की. इथं काय बघता?"

बायका पांगल्या. भगवानराव मनकर्णाकडं वळले.

"पुढल्या पाण्याला हा क्लॅम्प पुन्हा ढिला व्हईल."

मनकर्णानं मान खाली घातली.

"व्हऊ दे. पण पहिला तासभर घट्ट राहायला पाहिजे. खालच्यांचं भरून झालं, अन् मग शेवटच्या अर्ध्या तासात ढिला झाला, तर सोसायटी काय बघायला येत न्हाई. सांगशील?"

"कुणाला, तात्या?"

"क्लॅम्पला," भगवानराव म्हणाले आणि चपला घालायला वाकले.