अकराव्या प्रकरणासकट

"एक ओळ जरी गाळलीस, तरी परवानगी परत घेईन." काकूंनी तपासायच्या मुद्रितांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "कात्री फारच शिवशिवत असेल तर घरचे पडदे काप."

संपादिकेने गठ्ठा आपल्याकडे ओढला. प्रकाशनाच्या त्या अरुंद खोलीत हे भांडण रोजचंच झालं होतं. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या आजच्या वाचकांसाठी पुन्हा छापायच्या, ही कल्पना तिचीच. मालकांनी नाक मुरडत होकार दिला होता आणि वर बजावलं होतं, "पहिलं पुस्तक पडलं तर माला बंद. आणि तूही दुसरीकडे बघ."

पहिलं पुस्तक म्हणून तिने भाऊसाहेबांची कादंबरी निवडली. नाव सगळ्यांच्या तोंडी, प्रत कोणाच्याच हाती नाही, अशी तिची गत. गावातल्या वाचनालयाच्या सभागृहालाही भाऊसाहेबांचंच नाव होतं. स्वतः संपादिकेने शाळेत असताना या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती वाचली होती आणि उशाशी घेऊन झोपली होती. मूळ कादंबरी हाती आली तेव्हा मात्र तिने लाल पेन्सिल उचलली. भाऊसाहेब केव्हाच गेले होते, पण हक्क त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे काकूंकडे होते. आणि काकू तसूभर हलायला तयार नव्हत्या.

"अहो काकू, घोड्याच्या खोगिराचं वर्णन चार पानं चालतं!"

"चालू दे. दमला की घोडाच थांबेल."

"बरं, घोडा राहू दे. पण अकरावं प्रकरण?" संपादिकेचा आवाज चढला. त्या प्रकरणात राजा राणीच्या कविता तिच्यादेखत जाळतो, तिला तळघरात कोंडतो, आणि बाहेर आल्यावर राणी त्याचे पाय धरून म्हणते, आपण माझे डोळे उघडलेत. "आजच्या मुली हे वाचून पुस्तक भिरकावून देतील."

"ते प्रकरण तर मुळीच हलवायचं नाही." काकूंचा आवाज एकदम खाली आला. "सगळ्या पुस्तकात तेवढंच खरं आहे."

"खरं? कुठल्या इतिहासात आहे ते?"

"मला इतिहास शिकवू नकोस. ते लिहीत होते तेव्हा त्या घरात मी होते, तू नव्हतीस."

नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलेली बाई, संपादिकेच्या मनात आलं. देव बुडाला तरी चालेल, पण त्याच्या अंगावरचं फूल कोणी काढायचं नाही.

"निदान प्रस्तावना तरी घालू या," ती शक्य तितक्या गोडीने म्हणाली. "काळ वेगळा होता, समजून वाचा, एवढंच सांगणारी."

"काही नको. मेलेल्या माणसाला वकील कशाला? आणि मुखपृष्ठावर राजे-घोडे नकोत. यांचा फोटो घाल. मोठा. नाव रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. किंमतही बेताची ठेव, कॉलेजातल्या पोरींना परवडेल अशी."

"त्या पोरी कशाला घेतील हे?"

"ते त्यांचं त्या बघतील. तू छाप."

संपादिकेने शेवटी चोरून खोगिराचा एक परिच्छेद उडवला. काकू पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचत होत्या. त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी पकडला.

"ताकाला जाऊन भांडं लपवतेस होय गं?" त्या सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं ओरडल्या. शेजारच्या खोलीतला टंकलेखनाचा आवाज थांबला. मालक धावत आले, काकूंना खुर्ची दिली आणि संपादिकेला बाहेर नेऊन म्हणाले, "म्हातारीशी वैर नको. आहे तस्सं छाप. बुडालो तर तुझ्या नावाने खडे फोडीन."

कादंबरी आहे तशी निघाली.

सुरुवातीला लोकांनी नावावर घेतली. मग वाचली. मग एकमेकांना मोठमोठ्याने वाचून दाखवू लागले. खोगिराच्या चार पानांवर विनोद निघाले. कॉलेजातल्या मुलींनी अकरावं प्रकरण शब्दही न बदलता रंगमंचावर वाचलं. आधी प्रेक्षक पोट धरून हसले. राणीने पाय धरले तेव्हा मात्र सभागृह चिडीचूप झालं, आणि मागून कोणीतरी लेखकाला अस्सल शिवी हासडली. 'याला थोर म्हणणाऱ्यांनी याला वाचलं तरी होतं का?' असा मथळा वर्तमानपत्रात आला. वाचनालयाने सभागृहावरची पाटी उतरवली.

खप मात्र थांबेना. हसायला का होईना, प्रत ज्याला त्याला हवी होती. मालकांनी मालेतली पुढची पुस्तकं ठरवायला सांगितली. संपादिकेची खुर्ची वाचली, पण तिला जेवण गोड लागेना. लहानपणी ज्याचं पुस्तक उशाशी घेतलं, त्याची तिनेच धिंड काढली होती. शेवटी सगळी कात्रणं घेऊन ती काकूंच्या घरी गेली. त्या दारातूनच हाकलतील, याची तिने तयारी ठेवली होती.

काकूंनी तिला आत घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वाच," त्या म्हणाल्या.

तिने वाचायला सुरुवात केली. मधल्या दोन-तीन झोंबऱ्या ओळी तिने हळूच गाळल्या.

"सगळं वाच. गाळायची तुझी खोड जायची नाही."

तिने सगळं वाचलं. पाटी उतरवल्याची बातमी काकूंनी पुन्हा एकदा वाचायला लावली. संपादिकेला राहवेना.

"काकू, माफ करा मला. मी हट्ट धरायला हवा होता. जन्मभर जपलेलं त्यांचं नाव माझ्या हातून मातीत गेलं."

काकूंनी ते कात्रण तिच्याकडून घेतलं, मांडीवर ठेवून त्याच्या चुण्या बोटांनी सावकाश सपाट केल्या, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून मनापासून हसल्या.

"आता यांची दुसरी कादंबरी काढ," त्या म्हणाल्या. "ती याहून भिकार आहे."